कर्जतच्या मोटारीचा डबा

तळहात पाहून नशीब सांगणारे नगरच्या पेठांत पैशाला पासरी मिळतील, पण भाकरीचा पापुद्रा उचलून चाळीस मैलांवरच्या घरात आज पहाटे कोण कुणावर रुसलं होतं हे सांगणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच झाला, आणि माझं भाग्य असं की तो माझ्याच खोलीत राहायला आला. ‘झाला’ म्हटलं म्हणून दचकू नका. माणूस धडधाकट आहे. आत्ता भर दुपारी समोरच्या खाटेवर तोंडावर पंचा टाकून पडला आहे. आमची वर्षाची दुसरी टर्म आज सकाळच्या पेपरानं संपली. ट्रंका अर्ध्यामुर्ध्या भरून झाल्या, खोलीची किल्ली उद्या घरमालकाच्या हाती जाईल. बाकीची पोरं सिनेमाला पळाली आणि मी इथे बसून त्याच्याविषयी लिहितो आहे, कारण जून महिन्यात जो कर्जतकर या खोलीत राहायला आला तो आता इथे नाही, आणि ते मला एकट्याला जड जातं आहे.

हजेरीपटात त्याचं चांगलं ऐसपैस नाव आहे, पण ते फक्त हजेरीपटच वापरतो. आम्हा सगळ्यांना तो कर्जतकर. मी राजूरचा, म्हणजे डोंगरातला, भातखाऊ. नगरला कॉलेज नव्यानंच निघालं आणि पुण्याची ऐपत नसलेल्या आमच्यासारख्यांची सोय झाली. माळीवाड्यातल्या एका माडीवर दोन खाटांची खोली आम्ही दोघांनी मिळून घेतली. पहिल्या दिवशी हा आला तोच मुळी बूट हातात धरून. बूट वडिलांनी खास कॉलेजसाठी घेऊन दिलेले. ते रस्त्यावर झिजवायचे हे त्याला पटेना. खोलीपासून कॉलेजच्या फाटकापर्यंत तो अनवाणी चालायचा, फाटकाशी बसून पाय झटकायचा, बूट चढवायचा आणि साहेबासारखा आत जायचा. परतताना बूट पुन्हा काखेत. कुणी हसलं तर म्हणायचा, “बूट कॉलेजचं हायेत, रस्त्याचं न्हाईत.” अभ्यास करायचा तो मोठ्यानं, आणि तोही मोट हाकतानाच्या सुरात. इंग्लंडचा इतिहास पाठ करायला लागला की एकेक राजा विहिरीत उतरतो आहे आणि पाणी घेऊन वर येतो आहे असं वाटायचं. घरमालकाची म्हैस खाली अंगणात बांधलेली असे. ती त्या सुराला इतकी सरावली की हा वाचायला बसल्याशिवाय पान्हाच सोडीना. संध्याकाळी घरमालकीणबाई जिन्याखालून हाक मारायच्या, “अहो कर्जतकर, वाचा की थोडं, धार काढायची आहे!” आणि हा पुस्तक न उघडताच दोन-तीन राजे मोकळे सोडायचा.

पण हे सगळं वरवरचं झालं. त्याची खरी विद्या भाकरीची.

खेड्यापाड्यांतून नगरला शिकायला आलेल्या पोरांचे डबे उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं येतात. सकाळी गावच्या स्टँडवर बाप नाहीतर भाऊ डबा मोटारीत ठेवतो, दुपारी पोरगा इकडे उतरवून घेतो, आणि कालचा धुतलेला डबा परतीच्या मोटारीनं घरी जातो. कर्जतची मोटार बाराच्या सुमाराला यायची. लढाईच्या काळात कोळशाच्या गॅसवर चालवून तिला कायमचा खोकला जडला होता, त्यामुळे ती दिसण्याआधी ऐकू यायची. राजूरहून असं रोजचं काही येणं शक्य नव्हतं. मी खाणावळीचं गिऱ्हाईक, आणि खाणावळीत रेशनच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी, ज्या चावण्यापेक्षा चपलेला शिवायला बऱ्या. कर्जतकरानं दोन दिवस माझं जेवण पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी घरी निरोप धाडला. तेव्हापासून त्याच्या डब्यात दोनाच्या चार भाकरी यायला लागल्या. म्हणजे जिला मी कधी पाहिलं नव्हतं अशा एका बाईनं मला रोज जेवू घातलं आहे. हे विसरून मला पुढचं सांगता येणार नाही.

डबा आला की तो फडकं सोडायचा, पण जेवायला बसायचा नाही. वरची भाकरी दोन्ही हातांत धरून खिडकीशी न्यायचा आणि उजेडात फिरवायचा. कडेला थापताना उमटलेले बोटांचे ठसे बघायचा, पाणी कुठून कुठे फिरवलं आहे ते बघायचा, पापुद्रा सोडवून त्याचा वास घ्यायचा. मी पोटात कावळे घेऊन समोर बसलेलो. मग निकाल लागायचा. “आज आई चिडल्याली हाय. मधी पातळ झालीय बघ, जोरात थापलीय.” किंवा, “बा रातच्याला मळ्यात झोपायला गेल्ता. भाकरी निवांत भाजलीय, घाई न्हाई.” किंवा, “पिठाची विरी गेलीय, चिकटपणाच न्हाई, शिळं पीठ हाय. म्हंजी गिरणी दोन दिवस बंद हुती.” त्याची आई लिहायला शिकलेली नव्हती, आणि वडिलांचं कार्ड आलंच तर त्यात पाऊस आणि बैल यांपलीकडे काही नसायचं. घर त्याला कळायचं ते या भाकरीतूनच, आणि आपल्याला ते अचूक कळतं याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शंका आम्हाला होती. एकदा डब्यात लोण्याचा गोळा आला नाही. “म्हैस गेली,” हा म्हणाला. विकली असेल नाहीतर मेली असेल, पण गेली. तीन दिवस त्यानं त्या म्हशीचं सुतक धरलं. वाचन बंद, त्यामुळे खालच्या म्हशीचं दूध तुटलं आणि घरमालकीणबाई आमच्यावर गुरगुरायला लागल्या. चौथ्या दिवशी कळलं की शिंक्यातलं लोणी मांजरानं खाल्लं होतं आणि म्हैस खुशाल रवंथ करत बसली होती. पण कधीकधी नेम असा बसायचा की अंगावर काटा यावा. आमच्या तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांनी एका रविवारी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. यानं पानातली पोळी उचलून दिव्यासमोर धरली आणि सरळ विचारलं, “सर, आज बाईंचं अन् तुमचं वाजलंय का?” सरांनी हातातला घास पानात परत ठेवला. आत एक भांडं आपटल्याचा आवाज झाला आणि बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “बघा! परक्या पोराला कळतं!” पुढे वर्गात तर्काचे दोष शिकवताना सरांनी त्याच्याकडे बघूनच म्हटलं होतं की काही लोकांचं निरीक्षण निर्दोष असतं, घोटाळा होतो तो निष्कर्षात. कर्जतकराला ही स्तुती वाटली. तो आठवडाभर बूट रस्त्यावरही घालून हिंडला.

जेवण झालं की डबा घासून परत मोटारीकडे, आणि डब्याबरोबर निरोप. मोटारीचे ड्रायव्हर कर्जतचेच, पिकल्या दाढीचे मुसलमान गृहस्थ. सारा रस्ता त्यांना चाचा म्हणतो. हा त्यांना सांगायचा, “चाचा, आईला म्हणावं आजचा खर्डा म्हंजी नुसता मिठाचा दगड.” दुसऱ्या दिवशी चाचा मोटारीतून उतरायचे, एक हात कमरेवर ठेवायचे आणि अगदी त्या बाईच्या आवाजात उत्तर द्यायचे, “तुझी आई म्हणली, दगड वाटतोय तर त्याच्यावर डोस्कं आपटून घे, अक्कल सुटली तर सुटंल.” कधी हा कळवायचा की भाकरी करपली. उत्तर यायचं, “म्हणली, चूल माझी, शेण्या माझ्या, धूर माझ्या डोळ्यात. तुझ्या वाटंला नुसतं गिळायचं काम हाय, तेवढं तरी नीट कर.” हे ऐकायला स्टँडवरचे टांगेवालेसुद्धा जमायचे. मायलेकांचं असं चाळीस मैल लांबीचं भांडण रोज चालू होतं आणि त्यातला एक दिवस चुकला तर दोघांनाही करमत नसे.

भाद्रपद सरत आला तेव्हा भाकरी बदलली. एकदम लहान झाली, कडेला फाटलेली, एका बाजूला कच्ची. कर्जतकरानं ती खिडकीशी धरली आणि पाहतच राहिला. मग हसला. “ही धाकटीची!” धाकटी म्हणजे त्याची बहीण, तेरा-चौदा वर्षांची. बोटांचे ठसे बारके होते, त्यामुळे ते मलाही पटलं. पुढचं मात्र त्याचं. “आईनं तिला भाकरीला बसवलं. म्हंजी पाव्हणं बघून जायला लागल्यात. आमच्यात असंच करत्यात, बोलणी सुरू झाली की पोरीला चुलीपुढं बसवायची.”

आता इथे तुम्हाला अंधारात ठेवण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टी आम्हाला फार उशिरा कळल्या त्या मी आधीच सांगून टाकतो. भाकरी धाकटीचीच होती. पण पाहुणे वगैरे कुणी आलेले नव्हते. त्याची आई मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली होती. ताप उतरेना, डॉक्टरांचा चेहरा उतरलेला, आणि अशात तिनं नवऱ्याला बजावलं होतं की पोराला कळवायचं नाही, परीक्षा तोंडावर आली आहे, आणि काही झालं तरी डबा चुकवायचा नाही. डबा चुकला की तो ओळखेल आणि पळत येईल. त्याच्या या विद्येवर जगात एकट्या तिचाच पुरा विश्वास होता. म्हणून तिनं धाकटीला अंथरुणाजवळ परात घेऊन बसवलं आणि सांगितलं, अशी थाप, माझ्यासारखी थाप, दादाला कळता कामा नये.

आणि इकडे दादा रोज मार्क देत होता. “आज शंभरात बावीस. काल अठरा हुते, सुधारतीय.” चाचांकडे निरोप, “धाकटीला म्हणावं, अशा भाकरीवर सासू दुसऱ्या दिशी माहेरी घालवून दील!” चाचा मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचे, पण हात कमरेवर जायचा नाही. “आई म्हणली, बरं हाय. म्हणली, जेवत जा येवस्थित.” कर्जतकर खोलीवर येऊन मला सांगायचा, “आई लई गोड बोलायला लागलीय बघ. लेकीचं जमत आलं की बाया अशाच नरम पडत्यात.” चाचा ते निरोप मोटार चालवता चालवता स्वतः रचत होते. बिचाऱ्यांना त्या बाईसारखं खमंग बोलणं काही जमत नव्हतं.

दसरा दोन-चार दिवसांवर होता. दुपारी डबा उघडला आणि कर्जतकर ओरडलाच. चार भाकरी होत्या आणि चारही वेगळ्या. एक रुंद आणि पातळ, एक जाड पण खरपूस, एक बाजरीची, एक इतकी गोल की वाटीनं कापल्यासारखी. त्यानं चारही खाटेवर ओळीनं मांडल्या. “चार हात हायेत! चार बाया! यातला आईचा न्हाई, धाकटीचा न्हाई. घर बायांनी भरलंय रे!” तो उडी मारून उभाच राहिला. “सुपारी फुटली धाकटीची!” मी म्हटलं, “अरे, पण सुपारी फुटली तर डब्यात गोड काहीच कसं नाही?” तो म्हणाला, “पाव्हण्यांनाच पुरलं नसंल.” मी म्हटलं, “पिठल्याला फोडणीसुद्धा दिलेली नाही.” तो म्हणाला, “घाईत ऱ्हायली. लगीनघर हाय, चालायचंच.” घरात बाया कशाकशासाठी जमतात, आणि शेजारपाजारच्या चार घरांतून एकेक भाकरी कुठल्या घरात येते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. ज्या घरात चूल पेटवत नाहीत त्या घरात येते. पण आम्ही दोघं कॉलेजात शिकत होतो, तर्कशास्त्र आमचा विषय होता, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. आम्ही त्या चारही भाकरी चवीनं खाल्ल्या. कुठल्या हाताची चांगली यावर वादही घातला.

मग त्यानं पेढे आणले. माडीवरच्या सगळ्या खोल्यांतून वाटले, घरमालकीणबाईंना दिले, म्हशीच्या तोंडातही एक घातला. उरलेले घेऊन आम्ही स्टँडवर गेलो. मोटार परतीला निघायची होती. चाचा बॉनेट उघडून पाणी घालत होते. कर्जतकरानं पेढा त्यांच्यासमोर धरला. “घ्या चाचा. धाकटीची सुपारी फुटली. तुमी सांगितलं न्हाई, पर आमाला कळतं.” चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. हातातल्या पत्र्याच्या डब्यातलं पाणी इंजिनाऐवजी रस्त्यावर सांडत राहिलं. “तोंडात घाला की,” हा म्हणाला. चाचांनी पेढा घेतला आणि कोटाच्या खिशात ठेवला. म्हणाले, “घरी गेल्यावर खातो बेटा.” “आईचा काय निरोप?” यानं विचारलं. चाचांनी बॉनेट लावून टाकलं. त्यांची पाठ आमच्याकडे होती. “पेपर नीट लिव्ह, म्हणली,” एवढंच बोलून ते गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, मालकाशी काही बिनसलं असेल. कर्जतकराला वाटलं, चाचांना आपल्या पोरींची लग्नं आठवली असतील.

परीक्षा झाली. डबा एक दिवसही चुकला नाही. दोन-तीन दिवस त्या परक्या हातांच्या भाकरी आल्या, मग पुन्हा धाकटीच्या यायला लागल्या. त्यात आता बरीच सुधारणा होती आणि कर्जतकर खुशीत येऊन साठ-पासष्टपर्यंत मार्क देत होता. दिवाळीच्या सुट्टीला राजूरला जाण्याआधी मी दोन दिवस कर्जतला यावं असा त्यानं हट्ट धरला. जिच्या हातचं खाल्लं तिच्या पाया पडायला नको का, हे त्याचं म्हणणं मलाही पटलं. मोटारीत तो सारा रस्ता बोलत होता. पाहुणे मिरजगावचेच असणार, कारण बाचा तिकडे ओढा आहे. नवरा मुलगा शाळामास्तर असावा. आईनं मानपानावरून त्यांना नक्कीच झापलं असणार. मिरजगाव मागे पडलं तसं त्यानं बूट काढून पुसायला घेतले. गावात पहिल्यांदाच बूट घालून उतरायचं होतं. पुढच्या बाजूला चाचा गाडी चालवत होते आणि एकदाही मागे वळून बघत नव्हते.

कर्जतचा स्टँड आला. त्याचे वडील झाडाखाली उभे होते. मी त्यांना ओळखत नव्हतो, पण कर्जतकरानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि वाक्य अर्ध्यातच सोडलं. मी पाहिलं. उंच, रापलेला माणूस, डोईला मुंडासं, आणि वरच्या ओठावर मिशी नव्हती. ओठावरची ती कातडी चेहऱ्याच्या मानानं फार गोरी दिसत होती. मुंडाशाच्या कडेखालून डोक्याची हजामत केलेली दिसत होती. या एका गोष्टीचा निष्कर्ष काढताना कुणीच चुकलं नसतं.

तो खाली उतरला. वडिलांच्या समोर उभा राहून त्यानं एवढंच विचारलं, “बा, कवा?”

“दसऱ्याच्या आधी. तिनंच सांगितलं हुतं, पेपर हुईस्तवर कळवू नगा म्हणून.”

“अग्नी कुनी दिला?”

“मीच दिला.”

कर्जतकर म्हणाला, “त्या दिशी चार हातांच्या भाकरी हुत्या.”

“व्हय. आपल्यात चूल न्हवती. डबा चुकवायचा न्हाई असं तिचं सांगणं, म्हणून आळीतनं एकेक मागून घेतली.”

“मी पेढं वाटलं, बा.”

वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “चाचानं सांगितलं. तिला ठावं असतं तर दोन दिवस हसत बसली असती, लेकरा.”

तेव्हा तो रडला. भर स्टँडवर, पुसून लख्ख केलेल्या बुटांवर उभा राहून, लहान पोरासारखा रडला. चाचा लांब मोटारीला टेकून उभे होते.

घरी गेलो तेव्हा धाकटी चुलीपुढे होती. मला वाटलं, ही भावाच्या गळ्यात पडून रडेल. पण तिचं रडणं बहुधा होऊन गेलं होतं, किंवा तिला त्याहून मोठी काळजी होती. तिनं पीठ लागलेले हात परातीत तसेच ठेवले आणि मान वर करून विचारलं, “दादा, तुला भाकरीवरनं कळलं तर न्हाई ना? आई रोज इचारायची, कळलं का गं त्याला?”

कर्जतकर तिच्याजवळ उकिडवा बसला. मी दारातच उभा होतो. बावीस मार्क, पासष्ट मार्क, सासू माहेरी घालवून देईल, हे सगळं माझ्या कानात होतं. त्यातलं एक अक्षरही चाचांनी तिच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं, हे त्याच क्षणी मला कळलं आणि त्यालाही कळलं असणार.

“न्हाई गं,” तो म्हणाला. “मला कसं कळंल? मला वाटलं आईच करतीय.”

पोरीच्या चेहऱ्यावर इतका आनंद आला की मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर जाऊन अंगणातल्या बाजेवर बसलो. आत ती सांगत होती की पहिल्या दिवशी आईनं तिचे हात धरून थापून दाखवलं, दुसऱ्या दिवशी आईला बसवेना म्हणून तिनं पडल्या पडल्या नुसतं सांगितलं. तो हूं हूं करत ऐकत होता.

सुट्टीनंतर तो कॉलेजला परत येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आला. आईनं डब्यासाठी एवढा खटाटोप केला तो शिक्षण सोडण्यासाठी नव्हे, असं वडिलांचं म्हणणं. आला, पण कुणीतरी दुसराच आला. बूट आता खोलीपासूनच पायात असतात. वाचतो मनातल्या मनात. म्हशीनं पंधरा दिवस वाट पाहिली आणि मग ती पेंडीवर राजी झाली. धाकटीच्या हातचा डबा अजून त्याच मोटारीनं येतो. स्टँडवर तो चाचांच्या हातून डबा घेतो, दोघं एकमेकांना रामराम करतात आणि निरोप कुणीच कुणाला सांगत नाही. सुरुवातीला एकदा तो चाचांना म्हणाला होता, “मला तवाच वळखाया पायजे हुतं. आई इतकं गोड कवा बोलली हुती?” चाचा म्हणाले, “माझी चूक झाली बेटा. दोन शिव्या घालायला पायजे हुत्या, पर जीभ उचलंना.” त्यानंतर तो विषय निघाला नाही.

खोलीवर येऊन तो फडकं सोडतो आणि सरळ जेवायला बसतो. खिडकीशी जात नाही. भाकरी कशी झाली आहे विचारलं तर म्हणतो, “चांगली हाय.” करपलेली असली तरी चांगली, खारट असली तरी चांगली. एकदा न राहवून मीच भाकरी उचलून उजेडात धरली आणि म्हटलं, “सांग ना, काय चाललंय घरी?” त्यानं माझ्या हातातून ती हळूच काढून घेतली. “जेव,” म्हणाला. सगळी पोरं म्हणतात, कर्जतकर आता शहाणा झाला, माणसांत आला. मला हा शहाणपणा सोसत नाही. मला तो तीन दिवस जिवंत म्हशीचं सुतक धरणारा येडा माणूस हवा आहे, आणि तो मागायचा कुणाकडे हे मला ठाऊक नाही.

आज शेवटचा पेपर देऊन आम्ही स्टँडवर गेलो. या वर्षातला हा शेवटचा डबा. उद्या तो स्वतःच त्या मोटारीनं जाणार. खोलीवर येऊन त्यानं फडकं सोडलं, पानं मांडली, आणि वरची भाकरी मोडायला घेतली तो हात थांबला. तो उठला आणि भाकरी घेऊन खिडकीशी गेला. किती महिन्यांनी गेला! दोन्ही हातांत धरून त्यानं ती उजेडात फिरवली. कडेच्या ठशांवर आपली बोटं ठेवून पाहिली, एकेक करून.

“काय रे?” मी विचारलं. “काय म्हणते भाकरी?”

“काय न्हाई,” तो म्हणाला. “बोटं लांब झाली तिची.”

मग तो येऊन बसला आणि अर्धी भाकरी माझ्या पानात घातली.